लोखंडी पूल निवृत्त करा, पण खांबावरची पट्टी हलवू नका

प्रति,
महाव्यवस्थापक, उत्तर रेल्वे, बडोदा हाऊस, नवी दिल्ली
आणि
अध्यक्ष, केंद्रीय जल आयोग, सेवा भवन, नवी दिल्ली

विषय: दिल्लीतला यमुनेवरचा जुना रेल्वे पूल (पूल क्रमांक २४९) आणि तिथली पूरमोजणी

महोदय,

यमुनेवरच्या जुन्या लोखंडी पुलाशेजारी रेल्वेचा नवा पूल उभा राहिला आहे. गाड्या नव्यावर वळवायच्या आणि जुन्याला निवृत्त करायचं, हे ठरलेलं आहे. या पत्रात त्याला विरोध नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर 'जुना पूल' आणि 'खुलं पत्र' एकत्र दिसताच आपल्या कार्यालयात कुणीतरी 'आले वारसावाले' म्हणून फाईल खाली सरकवायचं. महाडजवळचा सावित्री नदीवरचा जुना दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला आणि एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसकट वाहून गेल्या. तो पूल १९२८ चा. दिल्लीच्या पुलाचा पाया त्याहूनही साठेक वर्षांनी जुना आहे. त्यावरून मेल-एक्सप्रेस अशाच चालू द्या, असं कुणीही शहाणा मराठी माणूस म्हणणार नाही.

माझं मागणं आहे ते पुलावरच्या पाणीपातळीच्या पट्टीबद्दल. त्यासाठी पुलाचा थोडा इतिहास सांगावा लागेल. तो आपल्या दप्तरात आहेच. पण दप्तरातला इतिहास आणि पुलाचं पुढे काय करायचं हे ठरवणाऱ्या बैठका, यांची गाठ क्वचितच पडते.

मी मूळचा सांगलीचा. कृष्णेला पाणी चढायला लागलं की आमच्याकडे "आयर्विनला किती झालं?" एवढंच विचारतात. १९२९ साली खुला झालेला तो पूल सांगलीकराच्या डोक्यात फुटांनी कोरलेला आहे: चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं, तेव्हा तो आकडा कानावर पडताच माणसं आपापल्या घराचा हिशोब करत होती: जोत्यापर्यंत येईल, खिडकीपर्यंत, की माळ्यावर चढायचं. कोल्हापूरकर राजाराम बंधाऱ्याच्या ३९ आणि ४३ फुटांवर नजर ठेवून असतो. नाशकात तर पट्टीही लागत नाही, दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं यावरून गोदावरीचा पूर कळतो. अशा प्रत्येक ठिकाणाच्या मागे त्या गावाची दोन-तीन पिढ्यांची आठवण असते, आणि म्हणूनच तिथला आकडा ऐकून माणसं वेळेवर सामान हलवतात.

दिल्लीचं आयर्विन म्हणजे हा लोहे का पुल. समुद्रसपाटीपासून २०४.५० मीटरला इशारा, २०५.३३ ला धोका, २०६ ला नदीकाठच्या वस्त्या हलवायच्या. हे तिन्ही आकडे याच पुलापाशी मोजले जातात. जल आयोगाच्या नोंदीत ठिकाणाचं नावच 'दिल्ली रेल्वे पूल' असं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये बातम्यांत यमुना 'धोक्याच्या वर' गेली असं सांगतात, ते या एका जागेवरून. वरून गाड्या जातात ती रेल्वेची बाब. पण पावसाळ्यात हा पूल साऱ्या शहराचा असतो.

आता पूल इथेच का, हे पाहू. या नदीनं पार जाऊ न दिल्याची कथा मराठी माणसाला नवी नाही. १० जानेवारी १७६० रोजी दत्ताजी शिंदे पडले ते बुराडी घाटावर, म्हणजे या पुलापासून काही कोस वर, यमुनेच्या उताराची राखण करताना. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली, तर अब्दाली नदीच्या पलीकडे, आणि मध्ये दुथडी भरलेली यमुना. दोन्ही फौजा एकमेकांना पाहत बसल्या. पाणी उतरायला लागल्यावर भाऊंनी उत्तरेला जाऊन कुंजपुरा घेतला. अब्दालीनं ऑक्टोबरच्या अखेरीस बागपतजवळ नदी ओलांडली आणि मराठ्यांची दक्षिणेची वाट अडवली. पुढचं पानिपत सगळ्यांना पाठ आहे. त्याआधीचे ते नदीकाठचे महिने मात्र आपण भरभर वाचून पुढे जातो, असं मला नेहमी वाटतं. सप्टेंबर १८०३ मध्ये लॉर्ड लेकच्या इंग्रजी फौजेनं शिंद्यांच्या फौजेचा पटपडगंजला पराभव केला, तेही नदीच्या पूर्वेलाच. मग होड्यांनी यमुना उतरून इंग्रज दिल्लीत शिरले. आज पटपडगंजला सोसायट्या आणि मेट्रोचे खांब आहेत.

तोवर दिल्लीला नदीवर होता तो नावांचा पूल. एकीला एक बांधलेल्या होड्या, वर फळ्या, तोंडाशी जकातीची चौकी. पावसाळ्यात तो सोडून ठेवावा लागे. सलीमगडाच्या पायथ्याशी असलेल्या याच पुलावरून ११ मे १८५७ च्या सकाळी मेरठचे शिपाई आले आणि जकातीची चौकी पेटली. ज्याच्या हातात तो पूल, त्याच्या हातात दिल्लीचा पूर्वेचा दरवाजा, हे त्या दिवशी इंग्रजांना चांगलंच कळलं. बंड मोडून काढल्यावर शहराची पाडापाडी झाली आणि कलकत्त्याहून येणारी रेल्वे थेट तटबंदीच्या आत, चांदणी चौकाच्या पाठीमागे आणायचं ठरलं. लोहमार्ग सलीमगडाच्या पोटातून काढला. इस्लामशाह सूरीनं १५४६ साली बांधलेला हा किल्ला आज रुळांनी दुभंगलेला दिसतो तो त्या निर्णयामुळे. लाल किल्ल्याला सलीमगडाशी जोडणारा जहांगीरच्या काळातला पूलही त्यातच गेला. याच गडावर १९४५ नंतर आझाद हिंद सेनेचे कैदी ठेवले होते. रात्री रुळांवरून जाणाऱ्या गाड्यांची धडधड त्यांना अगदी उशाशी ऐकू येत असणार.

पूल बांधला ईस्ट इंडियन रेल्वे कंपनीनं. १८६६ मध्ये तो पुरा झाला आणि १८६७ सुरू होताच दिल्लीच्या ठाण्यात गाडी आली. त्याआधी कलकत्त्याकडून येणारा प्रवासी पूर्वतीरावर उतरे आणि नावांच्या पुलावरून शहर गाठे. खर्च १६,१६,३३५ रुपये. शेवटचे पस्तीस रुपयेही कुणी गाळले नाहीत, याचं मला कौतुक वाटतं. हल्ली अंदाजपत्रकात कोटींखाली काही दिसत नाही. लांबी २,६४० फूट, म्हणजे बरोबर अर्धा मैल. दोनशे फुटांचे, म्हणजे अचूक सांगायचं तर २०२.५ फुटांचे बारा गाळे, आणि सुरुवातीला एकच मार्ग.

पाया हे या पुलाचं खरं काम. उत्तरेतल्या नद्यांच्या तळाशी खडक हाताला लागत नाही, लागते ती वाळू आणि चिखल. दख्खनच्या काळ्या पाषाणावर पूल बांधणाऱ्याला ही भूमी परकीच. म्हणून त्या काळी इकडे विहिरींचा पाया घालत. आधी एक भक्कम कडं ठेवायचं, त्यावर विटांची पोकळ विहीर रचत जायचं आणि आतली वाळू उपसत राहायचं. जसजशी वाळू निघेल तसतशी ती विहीर आपल्याच वजनानं खाली उतरत जाते. वाळू उपसायला 'झाम' नावाचं मोठं, वाकड्या पात्याचं फावडं असे. पाणबुड्या मजूर विहिरीत बुडी मारून ते तळाच्या वाळूत रुतवी आणि वरची माणसं रहाटानं ओढून काढत. विहीर कलली तर एका अंगाला वजन लादून ती सरळ करायची. उन्हाळा संपायच्या आत ती पुरेशी खोल गेली नाही, तर पावसाळ्यात नदी सगळं घेऊन जाणार. इंग्रज इंजिनिअरांची नावं अशा कामांवर उरतात. झाम धरणाऱ्यांची कुठल्याच पाटीवर नाहीत.

आणखी एक गोष्ट रेल्वेनं एकदा ठळक फलकावर लिहायला हवी. लोक गर्डरवर हात ठेवून "हे १८६६ चं लोखंड" म्हणतात. तसं ते नाही. १९१३ मध्ये दुसरा मार्ग घातला, त्याला १४,२४,९०० रुपये लागले. पुढे इंजिनं जड झाली, तेव्हा १९३३-३४ मध्ये दोन्ही मार्गांचे गर्डर बदलले. ब्रेथवेट कंपनीच्या या कामाला २३,३१,३९६ रुपये पडले. म्हणजे मूळ पुलापेक्षा गर्डर बदलणं महाग गेलं. आज डोळ्यांना दिसतं ते लोखंड १९३० च्या दशकातलं, आणि खालचा पाया मात्र गालिबच्या हयातीतला. जतन करायचं तर नेमकं काय, आणि उतरवायचं तर काय, हे ठरवताना हा फरक लक्षात घ्यायला हवा. लोखंड बदललं तरी पूल तोच राहिला. आणि तो तोच राहिला ते खांबांच्या जोरावर.

वर रेल्वे आणि खाली रस्ता ही रचना त्याच दशकातल्या अलाहाबादच्या नैनी पुलावरही आहे. बैलगाडीला उंच चढ नको आणि रेल्वेला पुराच्या पाण्यापासून अंतर हवं, म्हणून ही वाटणी सोयीची. पण तिचा दंड रस्त्यानं भरला. पाणी चढलं की आधी खालचा रस्ता बंद होतो, मग वरची गाडी. जुलै २०२३ मध्ये दोन्ही बंद झाले.

खालून चालत जायची तसदी आपल्यापैकी किती अधिकाऱ्यांनी घेतली असेल, कोण जाणे. यमुना बाजारच्या बाजूनं शिरलं की ऊन एकदम तुटतं. डोक्यावर आडव्या तुळया, दोन्ही बाजूंना रिव्हेटांनी गच्च भरलेली तिरप्या पट्ट्यांची जाळी. रिव्हेटाच्या टोप्यांवर रंगाचे इतके थर बसलेत, की काही ठिकाणी त्या नुसत्या फुगीर ठिपक्यांसारख्या दिसतात. गांधीनगरच्या कापडबाजाराचे गठ्ठे लादलेल्या सायकलरिक्षा इथे एकामागोमाग एक रांगेत असतात, आणि पुढचा थांबला की मागचा हँडलवर मान टाकून उभा राहतो. ई-रिक्षावाला त्यातूनही वाट काढतो. वरून गाडी आली की आवाज आधी पायाला कळतो, मग कानाला. गाडी धीम्या गतीनं जाते, त्यामुळे ती धडधड संपता संपत नाही. बोलणारे दोघे मध्येच थांबतात आणि डबे गेल्यावर त्याच वाक्यापासून पुढे सुरू करतात. कठड्यापाशी लोक निर्माल्याच्या पिशव्या फेकतात, कुणी नाणं टाकतं, आणि खाली कमरेएवढ्या काळ्या पाण्यात पोरं दोरीला बांधलेलं लोहचुंबक फिरवत ते नाणं शोधत असतात. यातलं सगळंच राहावं असं माझं म्हणणं नाही. त्या पिशव्या तर आजच थांबवा. पण या रस्त्यानं रोज जाणारा माणूस कोण आहे, तो पायी आहे, सायकलवर आहे, गठ्ठा ओढतो आहे, आणि वरचे गाडीमार्ग व उड्डाणपूल त्याच्यासाठी बांधलेले नाहीत, हे लक्षात असू द्या.

आता मुद्द्याकडे येतो.

सप्टेंबर १९७८ मध्ये यमुना या पुलापाशी २०७.४९ मीटरवर पोचली. पुढची चाळीसहून अधिक वर्षं दिल्लीचा सर्वांत मोठा पूर म्हटलं की तोच आकडा सांगत. १३ जुलै २०२३ रोजी पाणी २०८.६६ वर गेलं. रिंग रोड पाण्यात, लाल किल्ल्याच्या भिंतीला पाणी लागलेलं. सप्टेंबर २०२५ मध्ये पाणी २०७.४८ वर थांबलं. १९७८ आणि २०२५ यांच्यात फरक एका सेंटिमीटरचा! हे इतक्या बारकाईनं म्हणता येतं, कारण दोन्ही वेळा मोजणी एकाच जागेची, एकाच खांबांच्या रांगेतून जाणाऱ्या पाण्याची आहे.

त्याहून मोलाची दुसरी तुलना. ऑगस्ट २०१९ मध्ये दिल्लीच्या वर, हरियाणात यमुनेवर असलेल्या हथनीकुंड बंधाऱ्यातून कमाल विसर्ग सव्वाआठ लाख क्युसेकच्या वर गेला होता. दिल्लीत पाणी चढलं २०६.६० पर्यंत. २०२३ मध्ये कमाल विसर्ग होता सुमारे ३.५९ लाख, म्हणजे निम्म्याहून कमी. आणि दिल्लीत पातळी दोन मीटरनं जास्त. आता, नुसता कमाल विसर्ग पाहून चालत नाही. पाणी किती तास सुटत राहिलं, दिल्लीत आणि वाटेत पाऊस किती झाला, हेही धरावं लागतं; २०२३ मध्ये त्या दोन-तीन दिवसांत दिल्लीतही मुसळधार होती. तरी एवढा उलटा हिशोब नुसत्या पावसावर ढकलता येत नाही. नदीच्या पात्रात साचलेला गाळ आणि तयार झालेली बेटं, पूरमैदानात घुसलेली बांधकामं, एकापाठोपाठ एक उभे राहिलेले पूल, पुलाच्या खालच्या अंगाला असलेल्या आयटीओ बंधाऱ्याची त्या वर्षी उघडलीच नाहीत अशी दारं, यांतल्या कशाचा वाटा किती, हा वाद तज्ज्ञांनी घालावा. पण वाद घालायला त्यांच्या हातात जो पुरावा आहे, तो या पट्टीनं दिला आहे. नदी आखडत चालली, हे तिनं दाखवून दिलं.

म्हणून भीती वाटते ती अशी. गाड्या नव्या पुलावर जातील. जुना पूल 'वापरात नाही' या रकान्यात पडेल. कुणीतरी टिपणी लिहील, की मोजणीचं ठिकाण सोयीच्या दृष्टीनं नव्या पुलावर नेण्यात यावं. कुणाची हरकत येणार नाही, कारण कागदावर हे अंतर चिमूटभर आहे. आणि पुढच्या मोठ्या पुरात जो आकडा येईल, तो १९७८ शी, २०२३ शी जोडायचा कसा, हे कुणालाच ठामपणे सांगता येणार नाही.

सांगलीकराला हे समजवावं लागत नाही, कारण कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या निमित्तानं 'फुगवटा' या एका गोष्टीवर आमच्याकडे चहाच्या टपरीवरसुद्धा तासभर वाद चालतो. वाहत्या पाण्यात खांब उभे केले, की त्यांच्या वरच्या अंगाला पाणी थोडं चढतं. खांब किती, किती जाड, प्रवाहाशी कुठल्या कोनात, यावर तो फुगवटा ठरतो. जुन्या पुलाचे खांब जाड आणि गाळे त्या काळच्या मापाचे, नव्याचे वेगळे. नदीला उतार असतो तो निराळाच. म्हणजे पट्टी थोडी वर किंवा खाली सरकवली तरी आकडा बदलणार. आणि पट्टी जागेवर ठेवून जुने खांब काढले, तरीही बदलणार! पुलाचं काहीही करा, २०५.३३ चा अर्थ तोच राहील असं धरून चालता येणार नाही. काठावरच्या झोपडीतल्या माणसाला २०६ म्हणजे सामान उचलायचं एवढं पक्कं माहीत आहे. आकडा तोच ठेवून त्यामागचं पाणी बदललं, तर तो एकतर उगाच पळेल किंवा उशिरा पळेल.

जल आयोगाकडे माझं मागणं असं. मोजणीची जागा शक्यतो हलवू नका. हलवावीच लागली, तर आधी जुन्या आणि नव्या अशा दोन्ही ठिकाणी निदान काही पावसाळे एकाच वेळी नोंदी घ्या. त्यात एखादा तरी मोठा पूर सापडला पाहिजे, कारण उथळ पाण्यात जुळलेले आकडे भरपुरात जुळतीलच असं नाही. दोन्ही ठिकाणांचा मेळ कसा घातला, हे लोकांना वाचता येईल अशा रीतीनं जाहीर करा; मगच नवा इशारा आणि नवा धोका ठरवा. या पुलापाशी आजवर झालेल्या पूरनोंदी एका जागी, तारीख-वेळेसह, कुणालाही उतरवून घेता येतील अशा ठेवा. सध्या त्या वर्तमानपत्रांच्या कात्रणांतून जुळवत बसावं लागतं. हे काम पाण्याचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यानं करावं, हे ठीक. सगळ्यांनीच करावं, हे नाही.

रेल्वेकडे मागणं थोडं अधिक आहे. पूल आपला, पण त्याच्या खांबांचा निर्णय आपण एकट्यानं घेऊ नये. गर्डर भंगारात काढायचे की ठेवायचे हा हिशोब आपण मांडालच. खांबांना हात लावण्याआधी मात्र जल आयोगाचं लेखी मत घ्या आणि ते जाहीर करा. १८६६, १९१३ आणि १९३३-३४ या तिन्ही वेळचे जे नकाशे आपल्या दप्तरात असतील, ते उघडे करा. विहिरी किती खोल गेल्या, कुठल्या खांबाला कधी डागडुजी झाली, याची माहिती नदीच्या अभ्यासकांना सोन्यासारखी आहे. कपाटात तिचा उपयोग फक्त वाळवीला.

खालच्या रस्त्याचं काय, हेही एकदा स्पष्ट सांगा. गाड्या गेल्या की पुलावरचा भार आणि धक्के फार कमी होतील. मग तपासणी करून पायी, सायकल आणि हातगाडीपुरता तो रस्ता चालू ठेवता येईल का, याचं उत्तर इंजिनिअरांनी द्यावं. ते नाही असेल तर नाही म्हणावं, आणि मग त्या माणसांसाठी दुसरी वाट कुठली, तेही सांगावं. भरूचला नर्मदेवर १८८१ चा गोल्डन ब्रिज आहे. रेल्वेनं १९३५ मध्ये शेजारी आपला वेगळा पूल बांधला, जुना रस्त्यासाठी राहिला. आणि गंमत म्हणजे भरूचमध्ये नर्मदेच्या पुराची पातळी गोल्डन ब्रिजवरच सांगतात. २४ फूट झाले की धोका. म्हणजे मी मागतोय त्यातलं बरंचसं या देशात आधीच झालेलं आहे. उलट उदाहरण राजमहेंद्रीचं. गोदावरीवरचा १९०० सालचा हॅवलॉक पूल १९९७ मध्ये रेल्वेनं थांबवला आणि पुढे त्याचं काय करायचं यावर वर्षानुवर्षं नुसती चर्चाच झाली. गंज चर्चेसाठी थांबत नाही. दिल्लीच्या पुलाचं तसं होऊ नये, एवढी काळजी आताच, निवृत्तीचा आदेश निघण्याआधीच घ्यायला हवी.

सलीमगडाबद्दल दोन शब्द. नव्या पुलाला दोन दशकं लागली, त्यामागे या गडाचं कारण मोठं होतं. लाल किल्ल्याच्या परिसरासह तो २००७ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला आणि पुरातत्त्व खात्याच्या हरकतीमुळे मार्ग बदलावा लागला. आपल्यातले काही जण त्यावर अजून चिडून असतील. मला विचाराल तर पुरातत्त्व खातं तेव्हा बरोबर होतं. एकदा रूळ घालून चिरलेल्या किल्ल्याला दुसऱ्यांदा चिरायला नको होतं. आता जुने रूळ मोकळे होतील, तेव्हा गडातून जाणाऱ्या त्या चराचं काय करायचं, हे त्या खात्याला बोलावून एकाच टेबलावर ठरवा. दोन खात्यांच्या पत्रव्यवहारात आणखी वीस वर्षं घालवू नका.

हे मराठीत का लिहितो, असं वाटलं असेल. हिंदी प्रत दोन्ही कार्यालयांच्या आवक-जावक खिडकीवर दिली आहे. मराठीत लिहिलं ते सांगली-कोल्हापूरच्या, नाशिक-महाडच्या वाचकांसाठी. पुलावरची पट्टी वाचत रात्र काढणं म्हणजे काय, ते त्यांना माहीत आहे आणि अशा मागणीला त्यांच्या सह्या लवकर मिळतील. शिवाय महाव्यवस्थापकांचं कार्यालय ज्या वास्तूत आहे, ती बडोद्याच्या गायकवाडांसाठी बांधलेली. तिथे मराठी पत्र अगदीच परकं ठरू नये.

मला पोच नको, उत्तर हवं आहे, आणि तेही तीनच गोष्टींचं: मोजणीचं ठिकाण हलवायचा प्रस्ताव आहे की नाही; असल्यास समांतर नोंदी कधीपासून घेणार; आणि गाड्या थांबल्यावर खालचा रस्ता कुणाच्या ताब्यात जाणार. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं येत्या पावसाळ्याच्या आत मिळाली तर बरं, कारण समांतर नोंदींचा एक हंगाम चुकला तर तो पुढच्या वर्षीच येतो.

कळावे,

आपला,
दिल्लीत राहणारा एक सांगलीकर